चहा लांब ढकलला, कुळीथ जवळ केला: लोह वाढवतानाचा माझा अनुभव

हिमोग्लोबिन ११.४ आलं तेव्हा घरात कोणालाच काही वाटलं नाही, कारण आमच्याकडे बायकांचं अकरा म्हणजे चांगलंच समजतात. शेजारच्या काकी तर म्हणाल्या, "माझा नऊ आसा, तरी मी बावडीचा पाणी भरतंय." पण त्याच वेळी डॉक्टरांनी मुद्दाम लिहून दिलेली फेरिटिनची, म्हणजे लोहाच्या साठ्याची टेस्ट होती आणि ती आली ९. मी मालवण तालुक्यात आचऱ्याच्या बाजूला राहते, घरीच शिवणकाम करते, चाळिशीच्या जवळ आले आहे, आणि त्या ९ पासून पुढे वर्ष-सव्वा वर्षात जे जे केलं ते इथे सगळं लिहून ठेवतेय, कारण मला तेव्हा मराठीत, आपल्या जेवणाच्या हिशोबाने लिहिलेलं फारसं काही सापडलं नव्हतं. सगळीकडे पालक, ब्रोकोली आणि रेड मीट.

आधी आकडे समजून घेणं फार गरजेचं आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशोबाने गरोदर नसलेल्या बाईचं हिमोग्लोबिन १२ च्या खाली गेलं की अॅनिमिया धरतात, आणि फेरिटिन १५ च्या खाली म्हणजे शरीरातला लोहाचा साठा संपत आलेला. पुष्कळ डॉक्टर तर ३० च्या खाली असेल तरी लक्ष द्या म्हणतात. मला डॉक्टरांनी समजावलं ते पटकन डोक्यात शिरलं, हिमोग्लोबिन म्हणजे आज टोपात शिजणारा भात आणि फेरिटिन म्हणजे कणगीतलं भात. कणगीचा तळ दिसायला लागला तरी टोपात रोजचा भात शिजतच असतो, त्यामुळे बाहेरून काही कळत नाही. म्हणून नुसतं हिमोग्लोबिन बघून "ठीक आहे" म्हणणं मला आता पटत नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या बायकांपैकी निम्म्याहून जास्त, ५४ टक्क्यांच्या आसपास अॅनिमिक निघाल्या, आणि ते फक्त हिमोग्लोबिनवरून. साठा रिकामा असलेल्या पण हिमोग्लोबिन अजून टिकून असलेल्या बायका त्यात आल्याच नसणार.

त्रास काय होत होता तर बंदरावरून वर घराकडे यायची घाटी चढताना धाप लागायची, मशीनवर बसून दुपारी डोकं जड व्हायचं, केस मुठीने गळायचे, रात्री पायांना चैन नसायची, सारखे हलवावेसे वाटायचे. आणि एक गोष्ट मी कोणाला सांगितलीच नव्हती कारण ती आजारात मोजायची असते हेच माहीत नव्हतं, तांदूळ निवडायला बसले की कच्चे तांदूळ तोंडात टाकायची मला अनावर इच्छा व्हायची. थोडेथोडके नाही, सुपातले मूठ मूठ. डॉक्टरांनी जेव्हा स्वतःहून विचारलं की माती, खडू, बर्फ, कच्चे तांदूळ असलं काही खावंसं वाटतं का तेव्हा मी चकितच झाले. लोह कमी असताना असं होतं म्हणे. आमच्या वाडीत कच्चे तांदूळ खाणाऱ्या किती बायका आहेत ते मला माहीत आहे, त्यामुळे हे वाचून कोणी एकीने जरी टेस्ट केली तरी पुष्कळ झालं.

याच्या आधीही मी गोळ्या घेतलेल्या. धाकटीच्या बाळंतपणानंतर आणि परत दोनेक वर्षांपूर्वी. प्रत्येक वेळी तेच, गोळ्यांनी हिमोग्लोबिन वर यायचं, पोट साफ व्हायचं नाही, शी काळी व्हायची (ती होतेच, त्याला घाबरायचं नसतं), मग नंबर बरा आला की गोळ्या बंद, आणि वर्षभरात परत खाली. साठा भरेपर्यंत गोळ्या पुढे काही महिने चालू ठेवायच्या असतात हे तेव्हा मला कोणी सांगितलंच नव्हतं, आणि लोह जातंय कुठे हेही कोणी विचारलं नव्हतं. या वेळच्या डॉक्टरांनी पहिलं तेच विचारलं. पाळीला किती दिवस जास्त जातं, गाठी पडतात का, मूळव्याध आहे का, गोळ्या नसताना शी काळी होते का, शेतात अनवाणी जाता का. शेवटच्या प्रश्नाचं कारण असं की आपल्याकडच्या ओल्या उबदार मातीत हुकवर्मच्या अळ्या असतात, त्या तळपायाच्या कातडीतून आत शिरतात आणि आतड्याला चिकटून रक्त पितात. तरवा काढताना, लावणीला चिखलात कोण चपला घालतं. मला जंताची गोळी दिली, घरातल्या सगळ्यांना पण दिली.

खरं कारण निघालं पाळीचं. सोनोग्राफीत एक लहान फायब्रॉईड (गर्भाशयातली गाठ) दिसला आणि पहिले तीन दिवस माझं प्रमाणाबाहेर जात होतं, मला ते नॉर्मलच वाटायचं कारण आईचं पण तसंच होतं. इथे एक हिशोब सांगते तो नीट वाचा. एक मिली रक्तात साधारण अर्धा मिलिग्रॅम लोह असतं. पाळीत ८० मिलीच्या वर गेलं की ते जास्त समजतात, म्हणजे नुसत्या तेवढ्यानेच महिन्याला ४० मिलिग्रॅम लोह गेलं. आता जेवणातल्या लोहापैकी शरीर समजा दहावा हिस्सा घेतं, तर तेवढंच भरून काढायला महिन्यात ४०० मिलिग्रॅम जेवणातून जायला हवं, रोजचे तेरा-चौदा, आणि हे बाकीच्या गरजेच्या वर. म्हणून गळती न थांबवता नुसतं खाऊन लोह वाढवायचं म्हणजे कधीच पुरं पडत नाही. मला पाळीच्या त्या दिवसांत रक्तस्राव कमी करायच्या गोळ्या सुरू केल्या, त्या मी घेतल्या, आणि माझ्या आकड्यांमध्ये त्यांचा वाटा मोठा आहे हे मी आधीच सांगते, सगळं श्रेय कुळथाला देणार नाही.

अजून एक टेस्ट केली ती एचपीएलसी, थॅलेसिमिया मायनर (रक्ताचा आनुवंशिक दोष) आहे का बघायला. माझी मामेबहीण वर्षानुवर्षं लोहाच्या गोळ्या खात होती आणि हिमोग्लोबिन हलत नव्हतं, शेवटी तिला थॅलेसिमिया मायनर निघाला, लोह तिच्यात मुळात कमी नव्हतंच. त्यामुळे रिपोर्टमध्ये एमसीव्ही (लाल पेशींचा आकार) कमी दिसला की लगेच गोळ्या किंवा लोहाचा आहार सुरू करू नका, आधी फेरिटिन बघा. आणि फेरिटिन करायचं तर अंगात ताप, सर्दी, कसलं इन्फेक्शन असताना करू नका, तेव्हा ते खोटं वर दिसतं.

मग डॉक्टरांशी ठरलं असं, हिमोग्लोबिन अकराच्या वर आहे, गोळ्या तुम्हाला सोसत नाहीत, तीन महिने जेवण नीट करा, परत टेस्ट, अकराच्या खाली गेलं तर काही न बोलता गोळ्या. हे मला परवडलं कारण माझं फार खाली नव्हतं. ज्यांचं आठ-नऊ आहे, ज्या गरोदर आहेत, त्यांनी फक्त जेवणावर विसंबून राहू नये, त्यांना गोळ्या लागतातच. जेवण त्याच्या जोडीला.

पहिलं काम म्हणजे मी काय खाते ते वहीत लिहायला लागले. शिवणकामाच्या मापांची वही होती तिच्याच मागच्या पानांवर. आठवडाभराने बघितलं तर खाणं वाईट नव्हतं. सकाळी घावणे किंवा चपाती, दुपारी भात, आमटी किंवा माशाची कढी, एखादी भाजी, रात्री पेज नाहीतर परत भात. पण प्रत्येक खाण्याला चहा चिकटलेला. घावणे चहाबरोबर, दुपारी जेवून उठल्या उठल्या कोरा चहा कारण मशीनवर झोप येते, संध्याकाळी चुरमुऱ्यांबरोबर चहा. आणि बाकी ताटात सगळ्यात जास्त काय तर पांढरा भात, ज्याच्यात १०० ग्रॅम कच्च्या तांदळाला एक मिलिग्रॅम पण लोह नसतं. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ ला जे तक्ते काढलेत त्यात हे सगळे आकडे मिळतात, आणि आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०२० च्या शिफारशीत पुरुषाला रोजचे १९ आणि बाईला २९ मिलिग्रॅम लोह सांगितलंय. आमच्याकडे वाढताना माशाची तुकडी आधी कोणाच्या ताटात जाते ते सगळ्यांना माहीत आहे. २९ वाली शेवटी बसते.

चहाचं सांगते कारण सगळ्यात जास्त फरक मला वाटतं तिथे पडला आणि सगळ्यात जास्त त्रास पण तिथेच झाला. चहातली टॅनिनसारखी द्रव्यं पोटात लोहाला पकडून ठेवतात, मग ते रक्तात जातच नाही, जेवणाबरोबर चहा घेतला तर लोहाचं शोषण निम्म्याहून जास्त घटू शकतं. दूध घातलं म्हणून ते टळत नाही, कोरा असो नाहीतर दुधाचा. कॉफीचं पण तसंच, जरा कमी. पण चांगली गोष्ट अशी की चहा सोडायला लागत नाही, फक्त जेवणापासून तासभर तरी लांब न्यायचा, शक्यतो दीड-दोन तास. मी सकाळी उठल्यावर रिकाम्या पोटी चहा घेणं पण सोडलं कारण मला ॲसिडिटी आहे, साडेआठला न्याहारी, साडेदहाला चहा, एकला जेवण, साडेतीनला चहा, बस. पहिला आठवडाभर डोकं दुखलं. घरात सासूबाईंना ते विचित्र वाटायचं, घावणे समोर आणि चहा नाही म्हणजे काय, "चाय नाय तर घावणो उतरतलो कसो?" असं विचारायच्या, आणि पाहुणे आले की तर अजून अवघड कारण चहा नको म्हटलं की लोकांना राग आला असं वाटतं. मी सरळ सांगायला सुरुवात केली, रक्त कमी आहे, डॉक्टरांनी वेळ बदलायला सांगितली. डॉक्टरांचं नाव घेतलं की आमच्याकडे कोणी आग्रह करत नाही. घावण्यांबरोबर मग नारळाचा रस करायला लागले किंवा सरळ उसळ.

चहा हलवल्यावर जी जागा झाली तिथे आंबट आणलं. सी व्हिटॅमिन जेवणात त्याच वेळी असेल तर डाळी, भाज्या, नाचणी यांच्यातलं लोह कितीतरी जास्त अंगी लागतं. त्याच घासाला, त्याच ताटात पाहिजे, सकाळी आवळा आणि रात्री उसळ असं करून उपयोग कमी. मी केलं ते असं, उसळ-भाजीवर लिंबू खाली उतरवल्यावर पिळायचं कारण शिजवताना सी उडून जातं, जेवताना कैरीची फोड नाहीतर पेरूची फोड ताटातच. आणि फेब्रुवारी ते मे आपल्याकडे बोंडू! काजूच्या बागेत बी काढून घेतात आणि बोंडूंचा सडा कुजत पडतो, त्या बोंडूत संत्र्याच्या चार-पाच पट सी व्हिटॅमिन असतं. घशाला खवखवतं म्हणून खात नाही आपण, पण फोडी करून मीठ लावून जरा वेळ ठेवून पाणी टाकून दिलं की खवखव पुष्कळ कमी होते. मी त्या दोन-तीन महिन्यांत दुपारच्या जेवणाला रोज बोंडू खाल्ले. सोलकढी पण चालू होती, सोलांतलं आम्लही लोहाला मदत करणारं आहे, पण लिंबू-बोंडूची जागा मी सोलांना दिली नाही, दोन्ही ठेवलं.

आता मासे. प्राण्यांच्या मांसातलं लोह वेगळ्या रूपात असतं, त्यातलं १५ ते ३५ टक्क्यांपर्यंत शरीर घेतं आणि चहाचा त्याला तेवढा अडसर होत नाही, वनस्पतीतलं मात्र दोन टक्क्यांपासून वीस टक्क्यांपर्यंत, बरोबर काय खाल्लं त्यावर. पण इथे एक समज दुरुस्त करायला हवा, सुरमई, पापलेट, बांगडा यांत लोह काही फार नसतं, १०० ग्रॅमला एक-दीड मिलिग्रॅमच्या आसपास. तरी बांगड्याचा तुकडा उसळीबरोबर खाल्ला तर उसळीतलं लोह जास्त शोषलं जातं, हा त्याचा मोठा फायदा आहे, म्हणून मी मासे आणि कडधान्य वेगवेगळ्या दिवशी न करता एकाच जेवणात आणायला लागले. बांगड्याचं तिखलं आणि बाजूला कुळथाची उसळ, आमच्या घरात हे जोडकाम कधी नव्हतं, मासे असले की दुसरं काही लागत नाही म्हणतात.

खरा जोर लावला तो तिसऱ्या (खाडीतल्या शिंपल्या) आणि कालवांवर. शिंपल्यातल्या जिवांत लोह माशांपेक्षा चांगलंच जास्त असतं आणि बी-१२ भरपूर, जे रक्ताला लागतंच. आचऱ्याच्या खाडीत सुकतीला, म्हणजे ओहोटीला, बायका तिसऱ्या काढतात, बाजारात वाटे लावून बसतात, सुरमईच्या मानाने कितीतरी स्वस्त. आठवड्यातून दोनदा तिसऱ्या ठरवून टाकल्या. विळीवर उघडताना जे पाणी निघतं ते टाकायचं नाही, गाळून त्याच सुक्यात घालायचं. एकशिपी केली तर नारळ, कांदा, वर सोलं, आणि शेवटी लिंबू. वाळू निघायला आधी मिठाच्या पाण्यात ठेवायच्या, चांगल्या शिजवायच्या, आणि गटाराचं पाणी मिळतं तिथल्या घ्यायच्या नाहीत, हे माझ्या घरचे नियम. आणि महिन्यातून दोन-तीनदा कोंबडीची कलेजी, १०० ग्रॅमला ९-१० मिलिग्रॅम लोह, चिकनवाला बाजूला काढून ठेवतो. गरोदर बाईने मात्र कलेजी डॉक्टरांना विचारल्याशिवाय खाऊ नये, त्यात ए व्हिटॅमिन फार असतं.

कुळीथ तर आपलाच. कोरड्या कुळथात १०० ग्रॅमला आठ मिलिग्रॅमच्या वर लोह, मटकीत पण जवळपास तेवढंच, चवळीत पाच. पण कडधान्यांत फायटेट असतं ते लोहाला धरून ठेवतं, भिजवलं, मोड आणले, आंबवलं की ते कमी होतं. आपल्या आज्या कुळथाला मोड आणायच्या, आंबोळीचं पीठ रात्रभर आंबवायच्या, नाचणी भिजवून वाळवून दळायच्या, ते किती कामाचं होतं हे मला आत्ता कळलं. पिठी मात्र भाजलेल्या कुळथाची असते, तिला मोड नाहीत, म्हणून पिठीवर मी हटकून लिंबू घेते आणि आठवड्यात दोन दिवस पिठीऐवजी मोडाच्या कुळथाची उसळ करते. कुळथाला मोड यायला हिवाळ्यात वेळ लागतो, फडक्यात बांधून चुलीच्या जवळ ठेवायचे. नाचणी पण मोड आणून, सावलीत वाळवून, मग दळून आणते, तिची आंबील. दुधात घालत नाही, कारण नाचणीत स्वतःचंच कॅल्शियम भरपूर आहे आणि कॅल्शियम जास्त झालं की लोहाला अडवतं, वरून दूध कशाला.

लोकांनी सल्ले दिले ते मुख्यतः लाल रंगाचे. "बीट खा गो, रक्त वाडता." बीटमध्ये १०० ग्रॅमला एक मिलिग्रॅम सुद्धा लोह नाही, डाळिंबात त्याहून कमी, तो लाल रंग रक्ताचा नाही, त्या त्या फळाचा आहे. खायला चांगलेच आहेत, पण लोहासाठी म्हणून बाई रोज बिटाचा रस पिते आणि तिला वाटतं मी उपाय करतेय, आणि त्या नादात टेस्ट राहून जाते, याचं मला फार वाईट वाटतं. गुळाचं पण तसंच, १०० ग्रॅमला साडेचार मिलिग्रॅमच्या आसपास, पण आपण खडा खाणार दहा ग्रॅमचा. अळिवाचं ऐका, जुन्या तक्त्यांत अळिवात १०० मिलिग्रॅम लोह लिहायचे, २०१७ च्या तक्त्यात ते १७ च्या आसपास आलंय. तरी १७ म्हणजे वाईट नाही, मी चमचाभर अळीव शहाळ्याच्या पाण्यात भिजवून लिंबू पिळून संध्याकाळी घेत होते, आवडलं मला ते. फक्त गरोदरपणात अळीव देत नाहीत आपल्याकडे, बाळंतपणानंतर देतात.

पहिल्या तीन महिन्यांनी मे मध्ये टेस्ट केली, हिमोग्लोबिन ११.८, फेरिटिन १४. मला वाटलं होतं अजून वर जाईल. डॉक्टर म्हणाले जेवणाने इतकंच हळू होतं, लाल पेशीचं आयुष्यच १२० दिवसांचं, साठा भरायला त्याहून वेळ, दिशा बरोबर आहे, चालू ठेवा. 

मग पाऊस आला आणि सगळं गणित बदललं. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद, तिसऱ्या पावसाळ्यात खात नाहीत, पुढे श्रावणात घरात मासे नाहीत, मग गणपती. म्हणजे जवळपास सप्टेंबरपर्यंत माझा अर्धा आराखडा गळला. मला हा काळ सगळ्यात महत्त्वाचा वाटतो कारण कोकणातल्या बाईचं लोह बहुतेक याच महिन्यांत उतरत असणार, लावणीची मेहनत जास्त आणि ताटात भात-पेज जास्त. जून-जुलैत सुक्यावर भागवलं, सुका जवळा, सुके बांगडे, पण खारं जास्त आणि माझ्या नवऱ्याला बीपी, त्यामुळे रोज नाही. बाकी सगळी मदार रानभाज्यांवर आणि कडधान्यांवर. टाकळा पहिल्या पावसात कोवळा असतो तोवर, कुर्डू, भारंगी, परसातला लाल माठ (१०० ग्रॅमला सहा-सात मिलिग्रॅम), आणि शेवग्याचा पाला. शेवग्याच्या ताज्या पाल्यात साडेचार मिलिग्रॅम लोह आणि जोडीला सी व्हिटॅमिन पण आहे, एकाच पानात दोन्ही. मोबाईलवर फिरतं ना की पालकाच्या पंचवीस पट लोह, ते सुकवलेल्या पावडरीचं धरून बोलतात, ताज्याचं नाही. आमच्याकडे गोकुळाष्टमीला शेवग्याची भाजी, आंबोळ्या आणि काळ्या वाटाण्याची उसळ करतात, त्या एका ताटात आंबवलेलं, कडधान्य, पाला सगळं आहे. मी ते ताट श्रावणभर आठवड्याला एकदा केलं, मुलं पण खूश. ऑगस्टच्या टेस्टला फेरिटिन १५, म्हणजे हललंच नाही म्हणा, पण दर वर्षी पावसात मी पार गळून जायचे तसं झालं नाही, आणि खाली पण आलं नाही.

बिडाचा तवा मी याच दिवसांत परत काढला. घरात नॉनस्टिक आल्यापासून तो पडवीत गंज धरून पडला होता, घासून, तेल लावून, तापवून तीन-चार वेळा कांदा फिरवला की परत वापरता आला. लोखंडाच्या भांड्यात केलेल्या जेवणात थोडं लोह उतरतं, पदार्थ आंबट आणि पातळ असेल तर जास्त. आंबोळीचं पीठ आंबट असतं म्हणून तव्याला चिकटेल असं वाटलं होतं पण नीट तापला की सुटते. लोखंडी कढईत उसळ केली तर सोलं मात्र शेवटी घालायची आणि लगेच स्टीलच्या टोपात काढायची, नाहीतर काळी पडते आणि तोंडाला लोखंडाची चव राहते, मुलं हात लावत नाहीत. नेमकं किती लोह मिळतं ते सांगता येत नाही, जेवढं मिळेल तेवढं.

नारळी पौर्णिमा झाली, गणपती गेले, बांगडा आला, तिसऱ्या परत सुरू झाल्या. डिसेंबरमध्ये हिमोग्लोबिन १२.५, फेरिटिन २४. आणि आत्ता शिमग्याच्या आधी केलं ते १२.७ आणि ३३. आकड्यांच्या आधी अंगाला कळलं होतं. कच्च्या तांदळाची ओढ सगळ्यात आधी गेली, कधी गेली ते लक्षातही आलं नाही, एक दिवस तांदूळ निवडून झाले आणि तोंडात एक दाणा टाकला नव्हता. पायांची तगमग पावसाच्या सुमाराला थांबली. केसांना सगळ्यात वेळ लागला, डिसेंबरनंतर कुठे गळणं कमी झालं. घाटी अजून चढतेच, पण मध्ये फणसाखाली थांबायला लागत नाही.

एक जे मला मनापासून सांगायचंय ते घरातल्यांसाठी आहे. हे सगळं एकट्या बाईने करायचं म्हटलं तर होत नाही. तिच्यासाठी वेगळं शिजवणारं कोणी नसतं, शिजवते तीच, आणि मग ती सगळ्यांच्या आवडीचं करते. आमच्याकडे जमलं कारण सासूबाईंनी तिसऱ्या उघडायचं काम स्वतःकडे घेतलं आणि माझी वाटी आधी बाजूला काढून ठेवायला लागल्या. चहाबद्दल त्या अजून कुरकुरतात, पण माझा चहा साडेदहालाच टाकतात.

माझ्या वहिनीचं गेल्या महिन्यात ८.९ आलं. तिने मला विचारलं तू काय खाल्लंस ते सांग, मी पण तेच करते. मी तिला आधी डॉक्टरांकडे नेलं, तिला गोळ्या सुरू झाल्यात, एक दिवसाआड, कारण रोज घेतली तर शरीर दुसऱ्या दिवशीचं लोह कमी घेतं असं आता दिसून आलंय आणि पोटाला पण बरं पडतं. गोळी लिंबूपाण्याबरोबर, चहा आणि दुधापासून लांब. माझी भाची दहावीत आहे, तिला शाळेत आठवड्याला निळी गोळी मिळते, ६० मिलिग्रॅम लोह आणि फॉलिक ॲसिडची, ती बऱ्याच मुली मळमळतं म्हणून दप्तरात टाकून देतात, रिकाम्या पोटी न घेता डबा खाल्ल्यावर घे म्हणून सांगितलंय. वहिनीची सोनोग्राफी या आठवड्यात आहे आणि पुढच्या रक्ततपासणीत सीबीसीबरोबर (रक्तपेशींच्या नेहमीच्या तपासणीबरोबर) फेरिटिन पण लिहून घेतलंय.